दोन परस पाणी

धरणातलं पाणी कमी झालं की मला बरं वाटतं. हे मी आमच्या सोसायटीत उघड बोललो तर लोक मला वाळीत टाकतील, कारण मे महिन्यात सावेडीत पाण्याशिवाय दुसरा विषय नसतो. नळ कधी येणार, टँकर कुठे अडला, खालच्या मजल्यावाल्यांनी मोटर किती वेळ चालवली. मीही त्यांच्यात उभा राहून मान हलवतो, चेहऱ्यावर चिंता आणतो. मग घरी येऊन पेपरात धरणाच्या साठ्याची बातमी शोधतो आणि साठा खाली गेलेला दिसला की चहाचा दुसरा कप करून घेतो. काय करणार? मुळा धरणाच्या फुगवट्यात, पाण्याखाली, एक तांब्याचा हंडा पडलाय. माझा नाही तो. पण माझ्यामुळे तो तिथे राहिला.

हल्ली घरात मी एकटाच असतो. बायको नातवाला सांभाळायला पुण्याला मुलीकडे गेली ती दोन महिन्यांसाठी. त्याला आता दीड वर्ष होईल. भांडणतंटा काही नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. जेवलात का, गोळी घेतली का, गॅस बंद केला का. तीन प्रश्न, माझे तीन हो. मग नातू पडद्यावर येतो, मला ओळखल्यासारखं करतो आणि पळतो. फोन ठेवला की घर इतकं गप्प होतं की फ्रिजची घरघर ऐकू येते. हा एकटेपणा आहे हे कळायला मला वेळच लागला. बरेच दिवस मी त्याला निवृत्ती समजत होतो.

यंदा पेपरात फोटो आला. भेगाळलेला गाळ, मागे बाभळी, आणि पाण्याच्या कडेला गंजलेल्या पत्र्याचं एक टोक वर आलेलं. खाली लिहिलं होतं, धरणाने तळ गाठला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ती होडीच होती. आमची होडी. अठ्ठावीस वर्षांनी ती उघड्यावर आली होती, आणि हे सांगायला घरात कुणी नव्हतं. फोटो कापून फ्रिजवर लावला, मग म्हटलं हा काय पोरकटपणा, म्हणून काढला, आणि पुन्हा लावला.

आमच्याकडे जुनी माणसं पाण्याची खोली फुटात सांगत नाहीत, परसात सांगतात. एक परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला एक माणूस. दोन परस पाणी म्हणजे त्याच्या हातांवर दुसरा तसाच उभा. मी आयुष्यभर मोजणी खात्यात नोकरी केली, साखळ्या ओढल्या, हेक्टर आणि आर लिहिले, बांधावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाणाऱ्या भावाभावांमध्ये खुंट रोवले. पण परसाइतकं पटणारं माप मला दुसरं भेटलं नाही. त्यात निदान माणूस तरी उभा असतो.

दत्तू, युनूस आणि मी शाळेत एका बाकावरचे. दत्तू धरणाच्या काठच्या गावचा, नगरला बोर्डिंगात राहून शिकलेला. युनूस शहरातला, त्याच्या वडिलांचं पंक्चर आणि टायर-ट्यूबचं दुकान, पुढे ते त्याचं झालं. दुकानात शिरलं की रबराचा आणि सोल्यूशनचा वास यायचा, आणि युनूस समोर दिसण्याआधी त्याच्या शिव्या ऐकू यायच्या. मी त्या दोघांमधला शिस्तीचा. म्हणजे भित्रा, पण शिस्तीचा म्हटलं की जरा बरं वाटतं.

दत्तूच्या बहिणीचं, हिराचं, लग्न पाऊसकाळाच्या तोंडावर झालं. सासर पलीकडच्या काठाला. सडकेने जायचं तर धरणाला मोठा वळसा, म्हणून सगळे पत्र्याच्या होडीने ये-जा करायचे. पहिल्या खेपेला नवरानवरी आणि माणसं गेली, दुसऱ्या खेपेला भांडी. मधोमध वारं सुटलं, होडी कलंडली. दोघं नावाडी पोहून काठाला लागले, पण भांडी होडीसकट तळाला. हिरा पलीकडच्या काठावर उभी राहून बघत होती. पुढे वर्षभर तिची सासू प्रत्येक सणाला शेजारणीकडे परात मागायला जायची. जायची ते ठीक, पण दारातून मोठ्याने मागायची, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी. दत्तूने हे आम्हाला दुकानात बसून सांगितलं. सांगताना तो हातातल्या ट्यूबचं तोंड उघडत होता, बंद करत होता.

पुढच्या मे महिन्यात पाणी उतरलं. होडी दोन परसांवर आली, असं दत्तूने कळवलं.

त्या दिवसाचा वास मला अजून येतो. तापलेलं रबर, वाळलेला गाळ, बाभळीची फुलं. युनूसने भावाच्या टेम्पोतून ट्रकच्या तीन ट्यूबा आणल्या होत्या, वर एक दाराची फळी बांधली, झाला तराफा. ट्यूबा उन्हात अशा तापल्या होत्या की बसलं की मांड्या भाजायच्या आणि बसणारा टुणकन उठायचा. युनूसने मोटारसायकलचा गॉगल डोळ्याला लावला होता, पाण्याखाली दिसावं म्हणून. पहिल्या बुडीत तो गॉगल पाण्याने भरला आणि त्याला दिसायचं ते नाहीच, वर आल्यावर आम्हीही दिसेनासे झालो. दत्तू हसून हसून फळीवरून पाण्यात पडला. आम्ही तिशीतली, बायकापोरं असलेली माणसं, आणि त्या दिवशी आमची वयं कुणी विचारली असती तर सांगता आली नसती.

पण काम मात्र शिस्तीत होतं, आणि ती शिस्त दत्तूची. त्याचे वडील विहिरींचे बुडे. कुणाची बादली पडो, कुणाची मोटर, बोलावणं त्यांना. त्यांच्या घरातली रीत अशी, की खाली जाणाऱ्याच्या कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक वरच्याच्या हातात, आणि वरच्याने मोठ्याने आकडे मोजायचे. दोर हातात असेतो मोजण्याखेरीज दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. काठावरून कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. चाळीस झाले की न विचारता ओढायचं. खाली गेलेल्याचा जीव आकड्यात असतो, असं दत्तूचे वडील म्हणायचे, आणि हे सांगताना दत्तू कधी हसला नाही.

दगड छातीशी धरायचा आणि सुटायचं. वर पाणी कोमट, अंघोळीला काढून ठेवल्यासारखं. कमरेइतकं खाली गेलं की गार. त्याखाली हिरवं, मग तपकिरी, मग काहीच नाही. कानात दडे बसायचे. पाय गाळात जायचे, आणि तो गाळ लोण्यासारखा मऊ, किळस यावी इतका. डोळे उघडे ठेवून उपयोग नसायचा, सगळं हातांनी. होडीचा काठ खरखरीत, गंजलेला. भांडं लागलं की ते गुळगुळीत. आणि त्या गुळगुळीतावर बोट फिरवलं की बारीक ठिपके लागायचे. दुकानात भांड्यावर नाव घालतात ना, टिकटिक करून, ते नाव. चि. सौ. कां. हिराबाई. मी काळोखात, नाक दाबून, बोटाने ते वाचलं. वाचलं म्हणजे काय, हिरा एवढंच कळलं. मी पाण्याखाली ओरडलो बहुतेक. तोंडात गाळ गेला.

आम्ही आळीपाळीने उतरत होतो. ताटं, वाट्यांचं पोतं, डबे, पिंप. एकदा मी परातीपाशी अडकलो होतो. परात होडीच्या फळीखाली रुतलेली, हलवली की हलायची पण निघायची नाही. दम संपत आला, तरी म्हटलं आणखी थोडं, आणि निघाली. परात घेऊन वर आलो तेव्हा मला माझं फार कौतुक वाटलं, काय छाती आहे म्हणून. काठावरून दत्तू पोट धरून हसत होता. दोर युनूसच्या हातात होता. माझे चाळीस केव्हाच होऊन गेले असते, पण हा बाबा पस्तीसवर आला आणि तिथेच थांबला. पस्तीस, पस्तीस, पस्तीस, पस्तीस. नियम मोडला नाही, मोजत होता, फक्त पुढे जात नव्हता.

मी त्याच्यावर चिडलो. मेलो असतो म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "दोर हलत होता ना तुझा. जिता दोर कशाला ओढू?"

शेवटची बुडी युनूसचीच होती. एकच नग राहिला होता, मामाने दिलेला तांब्याचा हंडा. तो होडीच्या बाहेर, पलीकडे घरंगळला असणार, असा आमचा कयास. दोर माझ्याकडे. मी मोजायला लागलो, आणि मी मोजतो म्हणजे मोजतो. माझ्या आकड्यात ना राई कमी, ना तीळ जास्त. पंचवीसला दोर हलत होता, तीसला हलत होता. अडतीसला चांगला हिसका बसला. मला तो हिसका कळला. कळूनही मी चाळीस म्हटलं आणि ओढलं, सगळा जोर लावून ओढलं. युनूस वर आला तो खोकत, शिव्या देत, उजवा हात तसाच वाकडा धरून. खाली हंड्याची कड त्याच्या हातात आली होती, मी ओढलं तशी ती सुटली.

पुन्हा उतरलो तिघंही. तिघांनाही तो पुन्हा लागला नाही. त्या हिसक्यात कुठे गेला, किती रुतला, कुणास ठाऊक. युनूसने शिव्या संपवल्या आणि तो हसायला लागला. म्हणाला, "मोजणीदार, पुढल्या उन्हाळ्यात दोर दत्तूकडं."

मग काठावर तीन दगडांची चूल, दत्तूने सकाळी जाळ्यात धरलेली चिलापी, तिखटमीठ लावून तव्यावर. कडक भाकरी, कांदा. ओल्या चड्ड्या बाभळीवर वाळत. भांडी रांगेने उन्हात मांडलेली, त्यांच्यावर गाळ पांढरा होऊन तडकत होता. संध्याकाळी तराफ्यावरून ती पलीकडे नेली. हिरा पदर खोचून गुडघाभर पाण्यात आली. एकेक भांडं घेऊन त्याच्यावरच्या नावावरून बोट फिरवत होती, आणि मी म्हटलं, अगं, मीही असंच केलं खाली. ती रडत होती आणि हसत होती. हंड्याचं तिने काहीच विचारलं नाही. फक्त सगळी भांडी उतरल्यावर तराफ्याकडे एकदा पाहिलं, आणि थोड्या वेळाने आणखी एकदा पाहिलं.

पुढला उन्हाळा आला की. दरवर्षी येतो तो. पण मे महिना म्हणजे मोजणीचा ऐन हंगाम, रानं मोकळी असतात, तारखा लागलेल्या असतात. युनूस फोन करायचा, पाणी उतरलंय, चल. मी म्हणायचो, या आठवड्यात नको. पुढच्या वर्षी पाथर्डीला बदली. त्याच्या पुढच्या वर्षी तिसगावच्या एका बांधाचं प्रकरण इतकं चिघळलं की मला जेवायला सुचत नव्हतं. मग दोन वर्षं धरण उतरलंच नाही. मग मुलीची दहावी. एकेक कारण घेतलं तर प्रत्येक खरं होतं, आणि सगळी मिळून खोटी होती, हे आता कळतं. युनूसने विचारणं बंद केलं. रागाने नाही, सवय मोडली. एकाच गावात आम्ही, सावेडीपासून त्याचं दुकान स्कूटरवर पंधरा मिनिटं. मी ट्यूबलेस टायर घेतले आणि तिकडे जायचं तेवढंही निमित्त गेलं.

तीन वर्षांपूर्वी दत्तू गेला. दहाव्याला युनूस भेटला, नदीच्या कडेला, डोक्याला रुमाल बांधून उभा. हिरा होती, केस पिकलेले. निघताना युनूसने माझा दंड धरला आणि म्हणाला, आता दोघंच राहिलो, यंदा जाऊ. मी म्हटलं, नक्की. आता तर मी रिकामाच होतो, मोजणी नव्हती, तारखा नव्हत्या. तरी गेलो नाही. घरी बसायची सवय लागते, आणि मग कुणी बोलवत नाही याचं वाईट वाटून घ्यायची.

फोटो फ्रिजवर तीन दिवस होता. चौथ्या दिवशी तो खिशात घालून मी दुकानावर गेलो. गल्ल्यावर युनूसचा मुलगा इम्रान, चांगला तिशीचा बाप्या झालेला. त्याने मला ओळखलं, उठून उभा राहिला, आणि म्हणाला, "चाचा, तुमाला कळलं न्हाई का?" युनूसला पॅरालिसिसचा झटका येऊन आठ महिने झाले होते. आठ महिने, आणि मी रोज संध्याकाळी गॅस बंद केला का याची उत्तरं देत होतो.

इम्रान मला घरी घेऊन गेला. युनूस खाटेवर टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवलेलाच. मला पाहून तोंडाची डावी बाजू हसली. भाभींनी चहा आणला. त्या सांगत होत्या की शब्द येतात पण तुटून येतात, डॉक्टरांनी रोज मोठ्याने आकडे मोजायला सांगितलंय, तर हे अकरापर्यंत जातात, तिथे अडकतात आणि चिडून तोंड फिरवतात. मी खाली मान घालून चहा पीत होतो. लाज वाटत होती मला, दुसरा शब्द नाही. मग खिशातून तो फोटो काढून त्याच्या पुढे धरला. त्याने बराच वेळ पाहिलं. डाव्या हाताची मूठ वळली आणि त्याने हवेत दोर ओढला.

दुसऱ्या दिवशी इम्रानने गाडी काढली. राहुरीच्या अलीकडे डावीकडे वळलो, जुनी वाट आता डांबरी. सकाळची वेळ होती, ऊन अजून बसण्याजोगं. धरण कुठे आणि काठ कुठे, सगळं गाळाचं मैदान, मधे पाण्याची एक पट्टी. होडीचं टोक वर, बाकीचं पाण्यात. इम्रानने प्लास्टिकची खुर्ची गाळ वाळलेला होता तिथवर नेली, बापाला उचलून तीत बसवलं. मी कपडे काढून लेंग्यावर उभा. साठी उलटलेला माणूस, पांढरी छाती, बघणाऱ्याला हसू येईल. कमरेला दोर बांधला. त्याची गरज नव्हती, पाणी छातीच्या वर जाणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. दोराचं दुसरं टोक मी युनूसच्या डाव्या हातात दिलं. त्याने ते मनगटाला दोनदा गुंडाळून घेतलं आणि इम्रान काहीतरी विचारायला गेला तर त्याच्याकडे पाहिलंही नाही. दोर हातात असताना बोलायचं नसतं.

मी पाण्यात गेलो. वर कोमट, खाली गार, तसंच. दोन परसांतलं आता अर्धा परसच उरलं होतं. होडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन मी गाळात पाय घातले आणि पायांनी चाचपायला लागलो, मग वाकून हातांनी. मागून आवाज आला. एक. मग बराच वेळ गेला. दोन. त्याचा आवाज ओला, जड, प्रत्येक आकडा ढकलून बाहेर काढल्यासारखा. मी गाळात हात घालत होतो, दगड लागत होते, शिंपले लागत होते. अकरा आला. मी थांबलो. मागे वळायचं धाडस झालं नाही. काठावर एक टिटवी ओरडत होती तीही गप्प झाली, आणि मला वाटलं, संपलं, आता तो तोंड फिरवणार. मी कमरेचा दोर हातात धरून हलवला.

"बा... रा," युनूस म्हणाला.

मग तेरा. मग चौदा. आठवण आली की मी दोर हलवत होतो, हंडा शोधत होतो, दोन्ही. विसावर त्याला खोकला आला, तरी एकवीस आलं. पाणी आता डोळ्यांत होतं, माझंच. हंड्याचा पत्ता नव्हता. तो कदाचित दहा हात पलीकडे असेल, कदाचित कधीच कुणी नेला असेल, आणि मला हिराची दोनदा वळलेली नजर आठवत होती, म्हणून मी शोधत होतो. तीस झाले. काठाकाठाने पुढे आलेला इम्रान हात जोडून उभा दिसला, का ते त्यालाच ठाऊक.

"पस्तीस," युनूस म्हणाला.

मी वाट पाहिली. आता छत्तीस.

"पस्तीस."

तो अडकला होता की मला वेळ देत होता, ते मला कळेना. वळून पाहिलं असतं तर चेहऱ्यावरून कळलं असतं. मी वळलो नाही. पुन्हा वाकलो, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला, आणि दुसऱ्या हाताने दोर हलवला.

"पस्तीस," युनूस म्हणाला.